चोवीस तासांच्या आत

"आमची साइट बंद हाय, आन तुमी तिकडं झोपा काढताव का?"

करंजाचे काशीराम नाखवा फोनवर बोलत नाहीत, होडीवरून किनाऱ्याला हाक मारतात. कमळाकर भोईरने फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"बघतोय नाखवा. पाच मिनिटं द्या."

"पाच मिनटात बरफ पाघलतो, भाऊ! बाहेरदेशाचा गिऱ्हाईक हाय माजा. कोलंबी बघाया येतो साइटवर, तं समोर पांढरं पान!"

कमळाकरने पाहिलं. सर्व्हर काठोकाठ भरला होता. नवीन पनवेलच्या 'अंगण होस्टिंग'मध्ये, म्हणजे वेबसाइटना जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीत, तो एकोणीस वर्षं नियमभंगाच्या तक्रारी बघतो, त्यामुळे पुढची पायरी त्याला पाठ होती: कोणी भरला ते शोधायचं. सर्व्हर म्हणजे चाळीच्या गच्चीवरची टाकी. एका टाकीवर चाळीस बिऱ्हाडं. एकाने नळ उघडा टाकला की बाकीच्यांच्या बादल्या कोरड्या. नाखवांच्या मासळीसाठी जागा नव्हती, कारण शेजारच्या एका खात्यात एक हजार नऊशे चाळीस ध्वनिफिती पडून होत्या. त्यातल्या जेमतेम अकरा वेबसाइटवर दिसत होत्या. बाकीच्या नुसत्या साठवलेल्या.

नियम सातवा: होस्टिंगची जागा वेबसाइटसाठी आहे, खासगी साठवणीसाठी नाही.

हा नियम मराठीत कमळाकरनेच लिहिला होता. तसे चौदाही त्यानेच लिहिले होते. नवा ग्राहक ते न वाचताच 'मला मान्य आहे'वर बोट दाबतो, हे त्याला माहीत होतं. तरी त्यातल्या एकेका वाक्यासाठी तो कंपनीशी भांडला होता. खातं पुसल्यावर ग्राहकाला जो शेवटचा मजकूर जातो, त्यात 'आपल्याला झालेल्या नुकसानाचा आम्हाला मनापासून खेद आहे' ही ओळ त्याने हट्टाने घालून घेतली होती. मालकीणबाई आभा तेव्हा हसली होती. "काका, मशीन पाठवणार आहे ते. मशीनला कसलं मन?" "मशीनला नसेल," कमळाकर म्हणाला होता, "वाचणाऱ्याला असतं."

नाखवांची साइट त्याने दुसऱ्या सर्व्हरवर हलवली. मग त्या भरलेल्या खात्याला नोटीस पाठवली. खातेदार: सिप्पोरा शमुएल पेझारकर, जुनं पनवेल. चोवीस तासांच्या आत उत्तर द्यावे, अन्यथा खाते आपोआप पुसले जाईल. इतक्या मोठ्या खात्याची दुसरी प्रत कंपनी ठेवत नाही, हेही त्यात होतं. शुक्रवार, संध्याकाळचे पाच चाळीस. त्याने डबा पिशवीत घातला आणि तो घरी गेला.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. दुपारी अडीचला तो सुकापूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आईसमोर जेवायला बसला. हौसाबाई ब्याऐंशीच्या. ज्या शेतात त्यांनी भात लावला, त्याच जागेवर आता त्यांचं न्हाणीघर होतं, आणि याचं त्यांना दुःखापेक्षा हसूच जास्त यायचं.

"आज कोनाची मान मुरगलली?" त्यांनी विचारलं. मुलाचं काम त्यांनी एवढ्यापुरतं समजून घेतलं होतं.

"कोणाची नाही. एका बाईंना नोटीस आहे. उत्तर दिलं तर सुटतील."

"देल ना मंग उत्तर."

"कालपासून नाही दिलं. सिप्पोरा पेझारकर म्हणून आहेत, जुन्या पनवेलला."

हौसाबाईंचा घास हातातच राहिला. "पेझारकर? इस्रायली? आरं, आज शनवार हाय ना! ती कशी देल उत्तर?"

"शनिवारचं काय?" कमळाकरने विचारलं.

"शनवारी ती लोका काडी पन वडीत नाय. मी जायची ना त्यांच्या आलीत, सात घरच्या चुली पेटवाया? तू कडेवर असाचास. इसरलास?"

तो विसरला नव्हता. एका काळोख्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली पांढऱ्या लुगड्यातली बाई आणि आईने चुलीत घातलेली फुंकर, एवढं त्याला आठवत होतं. ते शनिवारी असायचं, आणि शनिवार म्हणजे शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, हे मात्र त्याने कधी जोडून पाहिलं नव्हतं. चौदा नियम लिहिताना तर नाहीच नाही.

"त्या बोलवायच्या तुला?"

"नाय रं. बोलवाचं नाय, सांगाचं नाय. सांगितला तं त्यांचा नेम मोडतो. आपुन जावाचं, पेटवाची न येवाचं." हौसाबाईंनी घास तोंडात घातला. "सगल्यांना ठावं व्हतं. नोटीस नाय लागायची."

कमळाकरने हात धुतले आणि आभाला फोन लावला.

"काका, मी काय करू सांगा," सगळं ऐकून ती म्हणाली. "ग्राहकाच्या खात्यातून उत्तर आल्याशिवाय घड्याळ थांबतच नाही. मलाही थांबवता येत नाही. तुम्हीच तसं बांधून घेतलंत ना? मिठाईवाल्या कमानींच्या वेळी?"

ते खरं होतं. गेल्या वर्षी कमानींचं खातं असंच पुसलं जाणार होतं. ते आभाच्या वडिलांचे मित्र. ती म्हणाली होती, काका, एवढा एकच दिवस. कमळाकरने नियमावर बोट ठेवलं आणि वर कोणालाच सवलत देता येऊ नये अशी सोय करून घेतली. खातं पुसलं गेलं. कमानी कचेरीच्या जिन्यात बसून रडले होते. त्या दिवशी कमळाकरला वाईट वाटलं होतं, पण आपण चुकलो असं वाटलं नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि स्कूटर काढली. जुन्या पनवेलच्या गल्ल्यांत घर शोधण्यात तास गेला.

सिप्पोराबाईंच्या दाराच्या चौकटीला मेझुझाची, म्हणजे ज्यू घरांच्या दारावर असते त्या प्रार्थनेच्या चिठ्ठीची, छोटी नळी तिरकी ठोकलेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई सत्तरीच्या, सुती साडीतल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, झाकून ठेवलेल्या तांब्यातलं पाणी दिलं आणि तो बोलत असताना मधे एकदाही तोंड उघडलं नाही. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिलेल्या बाईचं ते ऐकणं होतं. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. त्यावर विणलेलं झाकण होतं.

"पाच चाळीसला आली म्हणता," त्या शेवटी म्हणाल्या. "तेव्हा मी दिव्याच्या वाती सारख्या करत होते. दिवा लागला की आमचा शनिवार लागला. दोन मिनिटांचा फरक."

"फिती कसल्या आहेत, बाई?"

"आमच्या ह्यांच्या. शमुएल वीज मंडळात होते. आमच्यातलं एखादं घर इस्राएलला जायला निघालं, की हे आदल्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन हजर. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला म्हणायचे, मावशी, एक गाणं देऊन जा. लग्नाची गाणी, पाळणे, एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताचं. सगळी मराठीत. चाळीस वर्षं हेच केलं त्यांनी. त्यातली एकही बाई आता नाही. कॅसेटींना बुरशी लागली, त्या टाकल्या. आता आहे ते तुमच्या सर्व्हरवरचं एवढंच."

"मग ती साइटवर का नाही लावलीत? लावली असतीत तर नियमात बसली असती."

"परवानगी नको का?" बाईंना त्याच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "गाणं त्यांच्या घरचं. मुलानातवंडांना पत्रं लिहिलीत. ज्यांचं उत्तर येतं त्यांचं लावते. अकरा आलीत."

ही बाई नियम पाळत होती म्हणून त्याच्या नियमात सापडली होती. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बाई, एक ओळ लिहायची. 'नोटीस वाचली' एवढीच. कॉम्प्युटर मी चालू करतो, तुम्ही नुसतं एक बटण दाबा."

सिप्पोराबाई किंचित हसल्या. "भोईर, तुमच्या नियमात 'नुसतं एक' चालतं का हो?"

कमानी जिन्यात बसलेले त्याला दिसले.

"जीव वाचवायचा असला तर आम्हाला मुभा आहे," बाई म्हणाल्या. "त्या गाण्यांत जीव आहे असं मला वाटतं. शमुएल तर त्यांच्यासाठीच जगले. पण ते माझं वाटणं झालं. माझ्या सोयीचं." त्यांनी पदर ओठाला लावला आणि थोड्या वेळाने काढला. "तुम्ही एवढ्या लांब आलात, फार बरं वाटलं. आता मी जरा गॅलरीत बसते. तारे दिसायला वेळ आहे अजून."

त्या उठल्या, गॅलरीत गेल्या आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या. तो इशारा होता की खरंच त्यांना तिथं बसायचं होतं, हे कमळाकरला आजही सांगता येणार नाही. विचारायची सोय नव्हती.

नियम चौदावा: कंपनीचा कोणीही कर्मचारी ग्राहकाच्या खात्यात स्वतः हात घालणार नाही. हाही त्यानेच लिहिलेला. आणि सगळ्यांत जास्त जीव त्याचा ह्याच्यावर होता, कारण बाकीचे तेरा ग्राहकांना बांधत होते, हा एकटा त्याला.

पाच वीस. पाच पंचवीस. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. पाच सव्वीसला कमळाकरने विणलेलं झाकण काढलं, त्याची नीट घडी केली आणि कॉम्प्युटर चालू केला. खातं उघडंच होतं. नोटीस न उघडलेली, सगळ्यांत वर. बाईंच्या नावाने तो काहीही लिहू शकला असता. 'वाचली, उत्तर उद्या देते' पुरलं असतं आणि जगात कोणाला कळलं नसतं. त्याने एका बोटाने, सावकाश टाइप केलं:

'खातेदार आज त्यांच्या नेमामुळे उत्तर देऊ शकत नाहीत. हे उत्तर मी, कमळाकर भोईर, अंगण होस्टिंगचा कर्मचारी, त्यांच्या खात्यातून देत आहे. त्यांनी मला तसे सांगितलेले नाही.'

मशीनला वाचता येत नाही. उत्तर आलं एवढंच त्याला कळतं. घड्याळ थांबलं. कमळाकरने कॉम्प्युटर बंद केला, झाकण घातलं, आणि गॅलरीकडे न जाता पायऱ्या उतरला.

घरी हौसाबाई दारातच बसल्या होत्या.

"पेटली?"

"पेटली."

"बोलली का काय ती?"

"नाही."

"हां," हौसाबाई म्हणाल्या आणि लसूण सोलायला लागल्या.

रविवारी सकाळी सिप्पोराबाईंचं सविस्तर उत्तर आलं. गाणी त्या आठवड्याभरात दुसरीकडे हलवतील, तेवढा अवधी द्यावा. सुरुवातीला 'सप्रेम शालोम', शेवटी सही. शनिवारचा उल्लेख कुठेही नव्हता. कमळाकरने अवधी दिला. तो नियमातच बसत होता.

सोमवारी सकाळी त्याने कचेरीत पहिलं काम केलं ते नवी तक्रार नोंदवायचं. नियम: चौदावा. कोणाविरुद्ध: कमळाकर भोईर. पुरावा: स्वतःचं उत्तर. कर्मचाऱ्यालाही तीच नोटीस जाते, चोवीस तासांचीच; उत्तर नाही दिलं तर त्याचं खातं बंद, आणि खात्याबरोबर नोकरीही. दहा वाजता ती त्याच्याच टेबलावर येऊन पोचली.

आभा धावत बाहेर आली. "काका, हे काय? मला कळलंही नसतं!"

"मला कळलं होतं."

"बरं, मग उत्तर द्या. दोन ओळी लिहा. चूक झाली म्हणा, पुन्हा होणार नाही म्हणा. मी मिटवते."

"चूक झाली असं वाटत नाही, आणि पुन्हा होणार नाही असंही नाही." तो तिच्याकडे बघून हसला. आभाला त्याने फ्रॉकमध्ये पाहिलं होतं. "मग काय लिहू?"

"काका, तुमच्याशिवाय हे टेबल कोण बघणार?"

"सगळं लिहून ठेवलंय. फक्त एक कर. नोटीस शुक्रवारी संध्याकाळी कोणालाच पाठवायची नाही, असा पंधरावा नियम घाल. आणि कमानींना एक फोन कर. वाईट वाटलं म्हणावं. माझ्या नावाने."

आभाने तोंड फिरवलं. दिवसभर ती काचेआडून त्याच्याकडे बघत होती. त्याने नेहमीसारखे फोन घेतले. नाखवांचाही आला. या वेळी तक्रार नव्हती. गिऱ्हाईक मिळालं होतं.

मंगळवारी कमळाकर नेहमीच्या वेळेला आला. टेबल पुसलं, पेल्यातलं पाणी बदललं आणि खुर्चीत बसून राहिला. नोटिशीखाली उत्तराची चौकट रिकामी होती. आभाने दोनदा दार उघडलं आणि दोनदा लावलं. बरोबर दहा वाजता पडदा पांढरा झाला आणि त्यावर अक्षरं आली. एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांना जात होती. त्याने चष्मा लावला आणि पहिल्यांदाच घेणाऱ्याच्या बाजूने सावकाश, शेवटपर्यंत वाचली.

'आपले खाते बंद करण्यात आले आहे. आपल्याला झालेल्या नुकसानाचा आम्हाला मनापासून खेद आहे.'

ओळ बरी जमली होती. त्याला बरं वाटलं. त्याने चष्मा खिशात ठेवला, डबा पिशवीत घातला आणि खुर्ची टेबलाच्या आत सरकवली.