अर्धा पंखा हवेत

कप्तान आणि त्यांची सून यांचं एक गोष्ट सोडली तर कधी वाजलं नाही. ती गोष्ट म्हणजे बोटीचा पंखा.

कप्तान हे धक्क्यावरच्यांनी पाडलेलं नाव. जन्मभर त्यांनी खाडीत माणसांची ने-आण करणारी बोट हाकली होती. आता मुलाच्या बोटींच्या कारखान्यात दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढायचे. मुलगा बोटीचं अंग बांधायचा, सून इंजिनं बसवायची. लग्नाआधी ती इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपात होती. हे खूळ तिच्या डोक्यात तिथेच शिरलं, असं सासऱ्यांचं ठाम मत.

खूळ उगाच नव्हतं. खाडीच्या मधोमध वाळूचा लांबलचक दांडा होता. ओहोटी लागली की त्याच्यावर जेमतेम गुडघाभर पाणी उरायचं आणि बोटीच्या पोटाखाली लटकणारा पंखा वाळूत रुतायचा. मग पलीकडच्या वस्तीशी संबंध तुटला तो भरतीपर्यंत. तिथला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई राहायच्या अलीकडे. एक दिवस त्या कारखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "मला ओहोटीत दांडा ओलांडणारी बोट हवी. माणसं काही भरती बघून आजारी पडत नाहीत."

"देते की," सून म्हणाली. नवऱ्याने दचकून तिच्याकडे पाहिलं.

तिने बोटीच्या पोटाखाली काही ठेवलंच नाही. इंजिनाचा फिरता लोखंडी आस मागच्या फळीतून सरळ बाहेर काढला आणि त्याच्या टोकाला पंखा बसवला. बोट वेगात आली की पंख्याचा खालचा अर्धा भाग पाण्यात आणि वरचा अर्धा हवेत.

"सूनबाई, पंखा पाण्यात फिरतो," कप्तान म्हणाले. "हवेत फिरतो तो छताला टांगतात."

"बाबा, वेगात असताना पंखा पूर्ण बुडालेला असला की पाणी त्याला मागेच धरून ठेवतं. अर्धा मोकळा ठेवला तर बोट हलकी पळेल. आणि खाली अडकायला काही नाहीच."

"पळाली तर सांग मला."

ती पळाली नाही. पहिल्या दिवशी इंजिन धापा टाकत राहिलं, काळा धूर ओकत राहिलं. बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, आकाशाकडे करून बुडावर बसली ती उठेचना. धक्क्यावर बघे जमले होते. एकाने विचारलं, "कप्तान, ही बोट आहे की आरामखुर्ची?" सगळे हसले. कप्तान हसले नाहीत. सुनेची आपण कितीही खोड काढू, दुसऱ्याने काढलेली त्यांना खपत नव्हती.

घरी सून भराभर जेवली. ताट धुताना तिने बादलीच्या पाण्यात उपडी बुडालेली वाटी वर ओढली, वाटी सुटेना म्हणून जरा तिरकी केली, आणि आत हवा शिरताच वाटी अलगद वर आली. ती तशीच ओल्या हातांनी नवऱ्याकडे गेली.

"हवा हवी आहे! उभ्या बोटीत पंखा अख्खा बुडालेला असतो. इंजिनाला तो फिरवताच येत नाही. सुरुवातीला आपणच त्याला हवा पाजायची."

हवा होतीच, इंजिनाच्या धुराच्या नळीतून फुकट बाहेर पडत होती. तिने ती नळी वाकवून पंख्याच्या तोंडाशी नेऊन सोडली. आता धुराच्या बुडबुड्यांत पंखा हलका फिरणार, इंजिन वेग धरणार, बोट वर चढणार, आणि एकदा चढली की पंखा आपली हवा आपण घेणार. कप्तानांनी वाकून नळी पाहिली. "जोड चांगला मारलायस," एवढंच बोलले.

डॉक्टरबाईंना ओहोटीची वेळ दिली होती. आदल्या दिवशी बोट गाड्यावर चढवताना नवऱ्याचा हात मुरगळला. बोट सुनेलाही चालवता आली असती, पण दांड्यावर पाणी कुठे जास्त, कुठे कमी, ती वाट एकाच माणसाला डोळे मिटून ठाऊक होती.

"बाबा, तुम्ही बसाल?"

कप्तानांनी उठून स्टूल आत नेऊन ठेवलं आणि चपला घातल्या.

डॉक्टरबाई औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसल्या, सून मागे इंजिनाशी. कप्तानांनी थ्रॉटल पुढे लोटला. इंजिन गुरगुरलं, मागे पांढरा फेस उसळला, क्षणभर नाळ वर उठली, आणि मग बोट पाण्यावर चढली. मागे पाण्याचं शेपूट माणसापेक्षा उंच उडालं. कप्तानांच्या तोंडून "आयला!" निघून गेलं. सुनेसमोर असं ते कधी बोलले नव्हते.

समोर दांडा दिसू लागला. पाण्याचा रंग बदलला, तळाची वाळू उघडी दिसू लागली. कप्तानांचा हात आपोआप थ्रॉटल मागे ओढू लागला. उथळ पाणी दिसलं की वेग कमी करायचा, हे त्यांच्या हाडांत मुरलं होतं.

"बाबा, नका! वेग कमी केला तर बोट खाली बसेल, मग पंखा रुतेल!"

"अगं, तळ दिसतोय!"

"दिसू दे! तुम्ही वाट सांभाळा, बोट मी सांभाळलीय!"

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मग त्यांनी दात-ओठ खाऊन थ्रॉटल शेवटपर्यंत लोटला, जरा डावीकडे घेतलं, मग उजवीकडे, जिथे त्यांना माहीत होतं तिथे. वाळू पायांखालून सरसर मागे गेली. उथळ पाण्यात उभे असलेले बगळे ओरडत उडाले. बुडाला काही घासलं नाही, कुठे काही अडलं नाही. आणि एकाएकी पाणी पुन्हा गडद हिरवं झालं.

डॉक्टरबाई पेटी सोडून टाळ्या वाजवत होत्या. पलीकडच्या काठावर माणसं घराबाहेर येऊन उभी होती. या वेळेला खाडीतून इंजिनाचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. एका म्हाताऱ्याने ओरडून विचारलं, "कोणी रे आणली बोट?"

कप्तान उभे राहिले. केसांतून पाणी गळत होतं. "मी नाही," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "आमच्या सूनबाईंनी आणली!"

सून हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. डॉक्टरबाई उतरून दवाखान्याकडे निघाल्याही. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाल्या, "बोट माझी. उद्यापासून."

"जरा चहा घेऊन निघू या, बाबा," सून म्हणाली.

कप्तानांनी पाण्याकडे पाहिलं. ते तसूतसूने चढू लागलं होतं.

"चहा घरी," ते सुकाणूशी बसत म्हणाले. "चल लवकर. भरती आली की मजा गेली."