मागं हाय का?

"अंगठा तू दिलास म्हणून मी काय तुला खानार न्हाई," धनाजी म्हणाला. "पर ती कुबडी जरा जवळ ठिवत जा."

त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, कुबडी त्याच्या हाताशी टेकवली आणि पुन्हा रस्त्याकडं पाहिलं. अकरा वाजता पुण्यात कामगार न्यायालयात उभं राहायचं होतं. डंपरचा ड्रायव्हर हनुमंत सातला येतो म्हणाला होता. आता आठ वाजायला आले होते.

"येईल का वो त्यो?"

"न्हाई आला तर यष्टीनं जाऊ."

"आन जाऊन करायचं काय? बगितलेला मानूस तेवढा त्योच."

किकवीतल्या धनाजीच्या ओट्यावरून महामार्गाच्या गाड्या ऐकू यायच्या आणि वारा फिरला की डोंगराकडच्या खडी क्रशरची घरघरही. अकरा वर्षं तो त्या घरघरीत उभा होता. दगडानं भरलेला डंपर उलटा येऊन क्रशरच्या तोंडाशी लागायचा. धुळीत आरसा असून नसल्यासारखा. म्हणून मागच्या कोपऱ्याला एक माणूस लागायचा. तो धनाजी. तिथली रीत ठरलेली होती. ड्रायव्हर आधी ओरडणार, "मागं हाय का?" मागून "हाय!" आल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. मग मागच्या माणसाचा गाडीच्या लोखंडावर हात. हलका हलका पडतोय तोवर येऊ दे, दोनदा जोरात पडला की थांब.

सात महिन्यांपूर्वी धनाजीनं दोनदा जोरातच मारला होता. हनुमंतानं ब्रेक दाबला. ब्रेक लागला नाही. ब्रेकची हवा गळतेय म्हणून तो महिनाभर सांगत होता आणि मालक "दिवाळी होऊ दे" म्हणत होता. गाडी उभी राहिली तर मालकाचं काम अडतं. माणसाचं काय, गेटवर दुसरा उभाच असतो.

धनाजीचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. त्याच दुपारी मुकादम बाजी दवाखान्यात कागद घेऊन आला. "आपरेशनचा हाय, वयनी. लवकर करा, रगत जातंय." चंद्राबाईनं अंगठा उठवला. कागदावर लिहिलं होतं, धनाजीनं आठवड्यापूर्वीच काम सोडलं होतं आणि महामार्ग ओलांडताना त्याला अनोळखी गाडीनं उडवलं. हजेरीच्या वहीतून त्या आठवड्याचं त्याचं नावही गेलं. पाय गेला तो गेला, हरामखोरांनी माणूसच तिथं नव्हता असं करून टाकलं.

वकील स्नेहलताईंनी समजावलं होतं, "काका, चूक कुणाची यावर तुमचा हक्क अडत नाही. कामावर असताना झालं, एवढं ठरलं पाहिजे. पण तुम्ही तिथं होता हे सांगणारा माणूस आणा."

खालच्या ढाब्यावर एखादा ट्रक मागं यायला लागला की अजूनही धनाजीचा पंजा आपोआप उठायचा आणि मांडीवर पडायचा, जिथं पाय संपतो तिथंच. हलका, हलका, मग दोनदा जोरात. चंद्राबाई तेव्हा उगाच तांदूळ निवडायला घ्यायची.

पावणेनऊला छोटा टेम्पो अंगणात शिरला. हनुमंत खाली उतरलाच नाही.

"लई लवकर आलास," धनाजी म्हणाला.

"टेम्पो मेव्हण्याचा हाय. शेळ्या उतरवून दिल्याबिगर सोडीना."

"म्हंजी मी आता लेंड्यांत बसू व्हय?"

"म्होरं बस की, सरकार. लेंड्या मागं हायती."

चंद्राबाईला हसू आलं, तिनं ते पदरात दाबलं. हनुमंत मात्र स्टिअरिंगकडंच बघत होता.

"काल बाजी घरी आलता. डंपरची चावी घिऊन ग्येला. म्हनला, चाक तुजं व्हतं. तोंड उघडलंस तर आत तूच जाशील."

"मग?"

"चाक माजंच व्हतं, धनाजी. सात म्हैनं त्येच ऐकतोय. तू दोनदा मारलास. म्या बी दाबला. ब्रेकवरचा पाय फुकट खाली ग्येला रं." त्यानं आता धनाजीकडं पाहिलं. "सायेब काय इचारतील?"

"मी त्या दिशी मागं व्हतो का. येवढंच."

टेम्पो वळवायला मागं घ्यावा लागणार होता आणि मागं शेजाऱ्याचा दगडी गडगा होता. ऊन स्वच्छ पडलं होतं, आरसाही लख्ख होता. कुणीही सहज काढला असता. हनुमंतानं गिअरवर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

मग क्रशरवर ओरडायचा तसा, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "धनाजीऽ, मागं हाय का?"

धनाजी अजून चढला नव्हता. त्यानं कुबडी काखेत धरली आणि टेम्पोच्या मागच्या कोपऱ्याकडं निघाला.

"अवो, नगा!" चंद्राबाई धावली. तो थांबला नाही.

"हाय!"

रिव्हर्स पडला. लोखंडावर त्याचा हात पडत राहिला, हलका, हलका. गडगा वीतभर उरला तेव्हा दोनदा जोरात.

टेम्पो जागीच थांबला.

धनाजी तिथंच उभा राहिला, हात लोखंडावर ठेवून. त्याला पुढं बसवायला चंद्राबाई आली. धुळीनं भरलेल्या मागच्या फाळक्यावर त्याचे पंजे उमटले होते. ती पदर घेऊन पुसायला वाकली.

"ऱ्हाऊ द्या, वयनी," हनुमंत पुढून म्हणाला. "पुन्यापत्तोर ऱ्हाऊ द्या."