रेइनोची रायफल, रेइनोचा शर्ट

हेल्मी स्टुलावर चढली आणि तिने शिकारी कॅम्पच्या भिंतीवरची रायफल खाली काढली. पत्ते खेळत बसलेल्या डेल्बर्टच्या हातातलं पान हातातच राहिलं.

"अगं ए, ती रेइनोची आहे!"

"मला सांगतोस? नवरा होता माझा."

"मेलेल्या माणसाची रायफल भिंतीवरच बरी," चुलीपाशी लाकडं सारत ओन्नी म्हणाला. तो रेइनोचा धाकटा भाऊ. "वहिनी, माझी जुनी घे ना. दुर्बीण आहे तिला. आंधळ्यालासुद्धा हरीण दिसेल."

"मला हीच हवी."

"ती दर गोळीला कडी ओढायची थर्टी-थर्टी?" डेल्बर्टला चेव आला. "ती रायफल नव्हे, हातपंपाचा दांडा आहे. लांबच्या हरणाला तिने नुसत्या गुदगुल्या होतात. रायफल म्हणजे माझी थर्टी-ऑट-सिक्स!"

"गेल्या वर्षी त्या तोफेनं काय पाडलंस रे?"

"झाड," ओन्नी म्हणाला. डेल्बर्टने पान टाकलं.

त्याच्या डोक्यावरच, तुळईला, त्याच्याच शर्टाच्या मागच्या टोकाचा तुकडा खिळ्याने ठोकलेला होता. या कॅम्पची रीत अशी, की हरणावर गोळी झाडून चुकलात तर शर्टाचं शेपूट कापायचं आणि नाव घालून तुळईवर ठोकायचं. मारलंत तर शिंगं भिंतीवर. भिंतीवर किंवा तुळईवर यातलं काहीतरी ज्याचं असेल, तो कॅम्पचा माणूस. बाकी सगळे पाहुणे, आणि भांडी पाहुण्यांनी घासायची. रेइनोच्या शिंगांच्या जोड्या आठ होत्या. शेपूट एकही नाही, आणि ही गोष्ट त्याने आयुष्यभर सगळ्यांना ऐकवली.

हेल्मी पाहुणी होती. बायको म्हणून तिने वर्षानुवर्षं मटण-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या भाजून इथे पाठवल्या, घरी आलेलं प्रत्येक हरीण स्वतः सोललं, कापलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटलं. या खिडकीजवळच्या खाटेवर मात्र ती यंदा प्रथमच झोपत होती. रेइनो वसंतात गेला. हंगाम संपेपर्यंत हेल्मीचं भिंतीवर किंवा तुळईवर काही लागलं नाही, तर खाट डेल्बर्टच्या जावयाला द्यायची, असं ठरलं होतं. जावई चांगला होता. पण खाट रेइनोची होती, आणि हेल्मीला ती हवी होती. कारण विचारलं असतं तर तिला सांगताही आलं नसतं. हवी होती, बस्स.

दुसऱ्या दिवशी ती खडीच्या जुन्या खाणीत गेली. पुठ्ठ्यावर कोळशाने गोल काढला, वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. लहानपणी बापाबरोबर तिने पुष्कळ ससे मारले होते. चाप कसा ओढायचा ते बोटं विसरली नव्हती. पुठ्ठा पाहायला गेली तर तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून, आणि गोलाच्या डावीकडे चांगली दोन वीत. पुन्हा तीन झाडल्या. पुन्हा तिथेच.

म्हणजे हात ठीक होता. रायफलच वाकडं बघत होती.

तिने ती उलटसुलट करून पाहिली. नेम धरायची मागची पट्टी खाचेतून एका बाजूला सरकवलेली होती, आणि तिथेच तिला गंज धरला होता. हे काही यंदाचं नव्हतं. इतकी तिरकी पट्टी घेऊन हरीण तर सोडाच, कॅम्पचं दार मारता आलं नसतं. हेल्मी बर्फावर तशीच बसून राहिली, मांड्या गार पडेपर्यंत.

ओन्नी सौनाची, वाफेच्या न्हाणीची, लाकडं फोडत होता. ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ही कधीपासून अशी आहे?"

"कोण?"

"ओन्नी, सोंग करू नकोस."

त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "त्याचा उजवा डोळा गेला तेव्हापासून. दिसत नव्हतं त्याला, आणि खापर रायफलीवर. रोज पट्टी ठोकत बसायचा. डॉक्टरकडे चल म्हटलं की अंगावर यायचा."

"मग शिंगांच्या शेवटच्या तीन जोड्या?"

ओन्नीने टेकडीकडे पाहिलं. त्याची बसायची जागा टेकडीवर होती, रेइनोच्या मचाणाच्या बरोबर समोर. खालचा देवदारांचा सगळा पाणथळ भाग तिथून दिसायचा.

"त्याने चाप ओढला की मीही ओढायचो," तो म्हणाला. "दोन्ही बार एकच ऐकू यायचे. तो धावत यायचा वहिनी, लहान पोरासारखा. 'बघितलास माझा नेम?' मी काय सांगणार होतो त्याला?"

"आणि मी इकडे हरीण सोलताना म्हणायचे, एकाच गोळीत काम केलंन हो म्हाताऱ्याने!" हेल्मीला हसू आलं, आणि लगेच संतापही आला. कोणावर ते कळेना. मेलेल्यावर रागवायचं तरी कसं? "ऐक. यंदा टेकडीवरून गोळी आली, तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"आणि चुकलीस तर?"

"तर चुकले. माझं मी निस्तरेन."

रात्रभर तिने पट्टीवर रॉकेल मुरू दिलं, सकाळी पितळी खिळा आणि हातोडी घेऊन ती ठकठक करत उजवीकडे सरकवली. खाणीत जाऊन झाडली, पुन्हा ठोकली, पुन्हा झाडली. भोकं गोलात आली तेव्हाच ती जेवायला बसली.

मग हंगाम उघडला, आणि हरणं जणू दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेली. रोज अंधारातच हेल्मी रेइनोचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट चढवायची, वर नारिंगी जाकीट, आणि मचाणावर जाऊन बसायची. माद्या आल्या, कोल्हा आला, खारींनी तर तिच्या डोक्यावर संसार थाटला. मारायची परवानगी फक्त नराची, आणि नर एकही नाही. पावलं बधिर व्हायची. डेल्बर्ट रोज म्हणायचा, "आज ऊब घे गं, कोण बघतंय?" ती त्याच्याकडे नुसतं बघायची. मग तोच उठून तिचा थर्मास भरून द्यायचा. जावई एकदा येऊन खाटेची लांबी मोजून गेला. पाय बाहेर येतील म्हणाला.

शेवटच्या दिवशी, ऊन कलायच्या बेताला, तो आला. देवदारांतून आधी शिंगं दिसली, मग मान, मग तो सबंधच मोकळ्यात येऊन उभा राहिला. हेल्मीने दस्ता खांद्याला लावला, पट्टीतून हरणाच्या खांद्यावर नेम धरला. रायफल सरळ होती. घाई हातानेच केली.

बार झाला. हरणाच्या पलीकडच्या खोडाची साल उडाली.

नर पळाला नाही. आवाज कुठून आला ते त्याला कळलं नसावं. मान उंचावून तो टेकडीकडे बघत राहिला. अगदी आडवा, उघडा, ओन्नीला डोळे मिटून मारता येईल असा. हेल्मी कडी ओढायचंच विसरली. तीही टेकडीकडे बघू लागली. आता येईल. आता.

टेकडी गप्प होती.

मग हरणाने पांढरी शेपटी वर केली आणि ते झाडांत शिरलं. हेल्मीने रायफल मांडीवर घेतली आणि ती ढसाढसा रडली. दुःखाने नव्हे. किती महिन्यांनी तिचं काहीतरी फक्त तिचं होतं.

कॅम्पवर डेल्बर्ट दारातच उभा. "एक बार ऐकला. हरीण कुठाय?"

"बार माझा होता," मागून येणारा ओन्नी पटकन म्हणाला. "चुकलो. काप माझा शर्ट." आणि तो खरोखरच शर्ट बाहेर काढू लागला.

"ओन्नी, पुरे झालं आता," हेल्मी म्हणाली. तिने जाकीट काढून खाटेवर टाकलं आणि पाठ फिरवली. "माझा बार होता. कात्री आण, डेल्बर्ट."

डेल्बर्ट कात्री घेऊन आला आणि अडखळला. "अगं, हा तर रेइनोचा शर्ट. त्याने जन्मात कुणाला हात लावू दिला नाही याला."

"आता माझा आहे. काप म्हणते ना!"

जाड लोकर कापायला वेळ लागला. हेल्मीने तुकड्यावर खडूने स्वतःचं नाव लिहिलं, स्टुलावर चढली आणि रेइनोच्या शिंगांच्या शेवटच्या तीन जोड्यांच्या बरोबर वर, तुळईला, तो ठोकला. ओन्नी खाली उभा राहून खिळे देत होता. त्याची नजर शिंगांवर गेली, मग तिच्याकडे. तिने हात पुढे केला. त्याने आणखी एक खिळा दिला.

डेल्बर्ट तोंड वर करून बघत होता. भिंतीची रीत हळूहळू त्याच्या ध्यानात येत होती.

"म्हणजे खाट..."

"माझी."

"आणि आता पाहुणा कुणीच नाही?"

"नाही."

"मग भांडी कोण घासणार?"

ओन्नीने बाह्या वर सारल्या. हेल्मी खिडकीजवळ बसून बूट काढू लागली.