एंडेलचा क्रूस

आमच्याकडे, एस्टोनियाच्या दक्षिणेला, मयत दफनभूमीकडे नेताना वाटेतल्या रानात थांबतात आणि घरचा पुरुष पाइनच्या खोडावर क्रूस कोरतो. मग मेलेला माणूस त्या झाडाच्या पुढे घराकडे येत नाही. माझा नवरा एंडेल गेला तेव्हा मी गाडीवाल्याला मुद्दाम डांबरी रस्त्याने जायला सांगितलं. त्याला परत यायचं असेल तर येऊ दे, म्हटलं.

आणि तो यायचा. दोन हिवाळे सकाळी दार उघडलं की पायरीपासून विहिरीपर्यंतचा बर्फ कोणीतरी बाजूला सारलेला असायचा. मी टेबलावर त्याचा कप काढून ठेवायचे, त्याच्याशी बोलायचे. यंदा मात्र माझीच मला लाज वाटली. हेल्यू, म्हटलं, मेलेल्या माणसाला किती राबवशील?

निवृत्त झालो की लाटव्हियाच्या हद्दीपासून घरापर्यंतची जंगलवाट दोघांनी चालायची, असं आमचं ठरलं होतं. आता तीच चालून शेवटी क्रूस कोरायचा होता. मला मुलगा नाही, भाऊ नाही. राहिला शेजारचा आर्वो, जो बांधावरून एंडेलशी वीस वर्षं भांडला. कुरकुरत का होईना, पण आला.

सहा दिवस राईचा पाव आणि वाटेतली जांभळी बोरं खात चाललो. झाडांवरचे वाट दाखवणारे नारिंगी पट्टे आंधळ्यालाही दिसतील असे, तरी शेवटच्या दिवशी पुढे चालणारा आर्वो तीनदा वाट चुकला. तिसऱ्यांदा त्याच दलदलीपाशी आलो तेव्हा माझं डोकं फिरलं.

"चकवा लागलाय," तो म्हणाला.

"मग चकवा उतरायला कोट उलटा घाल नि चल. जन्मभर याच रानात लाकडं तोडलीस, आणि आज तुला चकवा लागतोय होय?"

त्याने निमूट कोट उलटा घातला. वाट लगेच सापडली.

क्रूसांच्या पाइनपाशी पोचलो. सासऱ्यांचा क्रूस होता, सासूबाईंचा होता. त्यांच्या शेजारी तिसरा, वरची राळ वाळून पिवळी पडलेली. खाली एंडेलचं नाव आणि त्याच्या दफनाची तारीख.

"हा कोणी कोरला?"

आर्वो बुटांकडे बघत राहिला. "मी. तुमची गाडी डांबरी रस्त्याला वळली नि मला धडकी भरली. परत आला असता तर आधी माझ्याच मानगुटीवर बसला असता. वाटेत सहा दिवस सांगेन सांगेन म्हणतोय, जमलंच नाही."

"म्हणजे तो कधी आलाच नाही?"

"कसा येणार?"

दोन वर्षं मी रिकाम्या कपाशी बोलत होते. इतका राग आला की क्रूस कोरायला आणलेली पटाशी त्याच्या अंगावर फेकणार होते. मग आठवलं.

"आणि बर्फ?"

"तुझा माणूस मी अडवला. मग त्याचं काम कोणी करायचं?"

कंबरेला पट्टा बांधून चालणारा बहात्तर वर्षांचा माणूस, दोन हिवाळे, मी उठायच्या आत. मला रडू आलं. थोडं एंडेलसाठी, बरंचसं या खडूस म्हाताऱ्यासाठी. इतकं माझ्यासाठी कोणी केलं नव्हतं.

उरलेला पाव मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

"यंदा बर्फ सारून झाला की तसाच पळू नकोस. दार वाजव. कप काढलेलाच असतो."

"साखर दोन चमचे," आर्वो म्हणाला आणि कोट सुलटा करू लागला.