गुळणीची भाकरी

गंगापूर रोडच्या मागल्या अंगाला असलेल्या कॉलनीत सावित्रीबाईंच्या जयंतीच्या आठवड्यात भाकरीची स्पर्धा होते. तिचा नियम ऐकून बाहेरचा माणूस आधी हसतो आणि मग म्हणतो, आमच्याकडंही सुरू करायला पाहिजे. सून भाकऱ्या करते, सासू शेजारी पाटावर बसते. सुनेच्या तोंडात पाण्याची गुळणी. तिसरी भाकरी उतरेपर्यंत ती गिळायची नाही की थुंकायची नाही. सासूच्या दोन्ही हातांत ज्वारीनं भरलेलं सूप. त्यातला दाणा खाली पडता कामा नये. म्हणजे जिला हात आहेत तिला तोंड नाही, आणि जिला तोंड आहे तिला हात नाहीत.

हा शोध कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा भागीबाईंचा. पहिल्या वर्षी त्यांनी साधीच स्पर्धा ठेवली होती. सासवांनी सुनांच्या परातीत हात घातले, सुनांनी मागल्या सणांचे हिशेब काढले, आणि बक्षीस वाटायच्या ऐवजी भागीबाईंना घरोघरी जाऊन समजुती काढाव्या लागल्या. पुढच्या वर्षी गुळणी आली, सूप आलं. तरी एका हुशार सुनेनं नुसत्या मानेनं अख्खं भांडण करून दाखवलं, तेव्हा शेवटचा नियम आला: मान हलली तरी बोलल्यात जमा.

सुलाबाई आणि त्यांची सून उज्वला लागोपाठ दोनदा जिंकल्या होत्या. यंदा जिंकल्या की मंडळाची पितळी परात कायमची त्यांच्या घरी. म्हणूनच या स्पर्धेवर डॉक्युमेंटरी करायला पुण्याहून आलेल्या मनालीनं हीच जोडी पकडली, आणि स्पर्धेच्या आधीपासूनच कॅमेरा घेऊन ती त्यांच्या घरात येऊन बसली.

मनाली गोड मुलगी. तिचे प्रश्नही असे गोड असायचे की त्यांना नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याच्या पुढ्यातला चहा उचलून नेण्यासारखं.

"तुम्ही दोघी एका ताटात जेवता?"

"तर! कायम," सुलाबाई म्हणाल्या. मग त्या दिवशी दोघींना एका ताटात जेवावं लागलं, आणि मीठ कुठल्या कडेला वाढायचं यावरून ताटाच्या दोन कडा एकमेकींकडं बघत राहिल्या.

"यांच्या केसांना तेल तुम्हीच लावता का, उज्वलाताई?"

"तीच लावती," पुन्हा सुलाबाईच. डोक्याला कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. पण एकदा हो म्हटलं ते म्हटलं. तेल कपाळावरून भुवयांपर्यंत ओघळलं तरी त्या कॅमेऱ्याकडं बघून हसत बसल्या. उज्वलाला त्या वेळी मनातून जरा बरंही वाटलं होतं. फसलेलं माणूस एकटं नसलं की त्याला धीर येतो.

पण उज्वलाचं फसणं वेगळ्या जातीचं होतं. हरसूलच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका म्हणून तिची नेमणूक झाली होती. मुलींबरोबर तिथंच राहायचं. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि स्पर्धा रविवारी. सुलाबाईंना हे सांगायची जबाबदारी नवनाथनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आपण होऊन घेतली होती. सिन्नरच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता आणि कुठलंही काम उद्यावर कसं ढकलावं हे त्याच्याकडून शिकावं. आधी तो म्हणाला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. मग म्हणाला, पाहुणे जाऊ दे. आता म्हणत होता, "शूटिंग तेवढं संपू दे गं. पिच्चरमध्ये आईचं तोंड रडकं दिसलं तर बरं दिसेल का?"

रविवारी सकाळी विहाराच्या पटांगणात विटांच्या चुली मांडल्या गेल्या. थंडी मी म्हणत होती. भागीबाईंनी प्रत्येक सुनेच्या हातात पेला दिला, गुळणी भरून घेतली आणि गाल दाबून खात्री केली.

"उज्वला, गालात आहे ना गं? की चोरून घोट घेतला?" एवढं विचारून त्या पुढं गेल्या. उत्तर त्यांनाही नको होतं.

ताटलीवर चमचा वाजला. उज्वलानं बाजरीचं पीठ मळायला घेतलं. नाकानं श्वास, डोळ्यांत धूर, गालात गार पाणी. पहिली भाकरी थापून तिनं तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. शेजारी सुलाबाई सूप धरून ताठ बसल्या होत्या. मनाली कॅमेरावाल्या सनीला घेऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"सुलाबाई, ही सून नसती तर तुमचं कसं झालं असतं?"

"कसं व्हनार? घर बंद," सुलाबाई म्हणाल्या. "लय गुणाची हाय. आता बगा, हरसूलला नोकरी आली व्हती हिला. सरकारी. दुसरी असती तर गठुडं बांधून पळाली असती. ही नाय म्हणली."

उज्वलाचा हात परातीतच थांबला.

म्हणजे यांना माहीत होतं. तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून नवनाथला शोधलं. तो पटांगणाच्या कडेला मोटारसायकलवर बसून मोबाईलमध्ये असं काही वाचत होता की जगात दुसरं वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सांगून झालं होतं तर. आईला सांगितलं, आणि आईला सांगितल्याचं तेवढं बायकोला सांगायचं ठेवलं.

पहिली भाकरी फुगली. विस्तवावरून तिनं ती काढली खरी, पण बोटं भाजली ते तिला नंतर कळलं.

"किती छान!" मनाली म्हणाली. "सुलाबाई, तेवढं पुन्हा एकदा सांगाल? मागून भोंगेवाली गाडी गेली."

सुलाबाईंनी सूप सावरलं. पुन्हा सांगायचं तर आधीपेक्षा चांगलं सांगावं, एवढी रीत त्यांना होती.

"हरसूलची नोकरी आली व्हती हिला. पण रडली हो ही. म्हणली, आई, तुमाला सोडून मला घास जायचा नाय."

बघ्या बायकांत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. कुणीतरी पदर डोळ्याला लावला. उज्वलाची मान आपोआप डावीकडं वळायला निघाली, आणि तिनं ती जागच्या जागी आवळून धरली. भागीबाईंची नजर घारीची. नुसती मान हलली असती तरी बाद.

दुसरी भाकरी तव्यावर पडली. कडा जरा चिरली.

"जरा इकडं, लाइटच्या बाजूला तोंड करून," मनाली म्हणाली. "अगदी शेवटचं."

आणि शेवटचं म्हटल्यावर सुलाबाईंनी काही राखून ठेवलं नाही.

"माझ्या पायावर हात ठेवून म्हणली, आई, तुमी हाय तवर मी या घराचा उंबरा सोडायची नाय. मी म्हणलं, पोरी, जा. सरकारी नोकरी हाय. तर म्हणली, मला जा म्हणू नका."

आता मात्र टाळ्याच पडल्या. शेजारच्या चुलीवरची सून गाल फुगवलेल्या अवस्थेत उज्वलाकडं बघत होती. तिच्या सासूनं सुपावरून तिला ऐकवलं, "बग. शिक जरा."

उज्वलानं तिसऱ्या भाकरीचा गोळा घेतला. पाणी गालात कोमट झालं होतं आणि जबडा दुखायला लागला होता. ती हिशोब लावत होती. ही भाकरी उतरली की पेल्यात गुळणी टाकायची. भागीबाई पेला उंच धरून सगळ्यांना दाखवणार. मग परात मिळणार. परातीबरोबर फोटो, सुलाबाईंच्या हातात माईक, आणि चौथ्यांदा तीच गोष्ट. तोवर तीत उज्वलानं जीवही दिलेला असेल. मग मनाली मिठी मारून पुण्याला जाणार. मग नवनाथ म्हणणार, आता लोकांनी ऐकलंय गं, पिच्चर तरी येऊन जाऊ दे.

आणि आपण?

तोंड मोकळं झाल्यावर आपण काय बोलणार, हे तिनं नीट बघितलं, आणि तिला दिसलं की काहीच नाही. लग्नापासून तिनं या घरात कमी गुळण्या धरल्या नव्हत्या. पाटावरच्या म्हातारीनं तीन वेळा खोटं सांगितलं होतं, पण पहिल्याच वेळेला तिला ठाऊक होतं की सुनेच्या तोंडात पाणी नसतं तरी ती गप्पच बसली असती. म्हणून तर सांगितलं.

भाकरी तव्यावर पडली. वरून पाणी फिरवलं. खालच्या बाजूला डाग पडत असल्याचा वास आला. आता उलटायची वेळ झाली होती.

उज्वलानं हात मांडीवर ठेवले आणि पाणी गिळलं.

आवाज काही फार मोठा नव्हता. पण इतक्या गप्प बसलेल्या बायकांत तो सगळ्यांना ऐकू गेला. भागीबाईंचा चमचा ताटलीवर आपटला.

"बाद! अगं उज्वला, शेवटची भाकरी होती गं!"

"मी रडले नव्हते," उज्वला म्हणाली. आवाज तिचा तिलाच घोगरा लागला. "पायावर हातही ठेवला नव्हता. नाही म्हटलेलं नाही मी, आई. उद्या हजर व्हायचंय हरसूलला. मी जाणार आहे."

सुलाबाईंच्या हातातलं सूप एका अंगाला कललं. आधी दोन-चार दाणे, मग सगळी ज्वारी सरसरत पाटावर, पाटावरून लादीवर, आणि तिथून जिकडं वाट मिळेल तिकडं. मोटारसायकलवरून नवनाथ उतरला, एक पाऊल पुढं आला आणि तिथंच उभा राहून त्यानं मोबाईल खिशात घातला. मनाली सनीच्या खांद्यावर हात ठेवून कुजबुजली, "चालू ठेव. बंद करू नकोस."

टाळ्या वाजवलेले हात कुठं ठेवावेत हे बायकांना कळेना.

सुलाबाई रिकाम्या सुपाकडं बघत होत्या. मग त्यांनी ते बाजूला ठेवलं, पुढं झुकून तव्यावरची भाकरी हातानं उलटली आणि भाजलेली बोटं फुंकली. एका बाजूनं भाकरी काळी पडली होती.

"करपवली," त्या म्हणाल्या.

उज्वलानं बोटांचं पीठ परातीच्या कडेला पुसलं.

"तिकडं नागलीची भाकरी खात्यात. पिठाला उकड काढावी लागती. ती कुठं येती तुला?"

"नाही येत."

"मग? त्या पोरींच्या पुढं काय, ही असली काळी वाढनार?"

"तिथल्या बायकांना विचारीन."

"इचार." सुलाबाईंनी भाकरी विस्तवाला टेकवली. फुगली नाहीच ती. "तोंड हाय म्हणायचं तुला. मला वाटलं व्हतं, नवनाथच बोलंल कायम तुजं. त्यानं सांगितलं तवा म्हणलं, हिला जायाचं असतं तर ही बोलली असती."

"आणि तुम्ही तीनदा सांगितलंत ते?"

सुलाबाई लादीवर हात टेकून ज्वारीचे दाणे गोळा करायला लागल्या. चेहरा खाली होता. "एकदा सांगितलं तवाच तू हललीस का? मग म्हणलं, खरंच असंल."

तेवढ्यात मनाली पुढं सरकली. तिचे डोळे भरून आले होते आणि पायाखाली ज्वारी चुरचुरत होती. "सुलाबाई, फार सुंदर बोललात. शेवटचं तेवढं, ते 'इचार' म्हणालात ना, ते परत एकदा घेऊ या? सून मध्ये आली होती."

सुलाबाईंनी मान वर केली.

"ते एकदाच असतं, ताई," त्या म्हणाल्या. "आन् तुमी तेवढा पाय उचला. दाणं तुडवू नका."