आठवा वारस

कारसियेम नावाच्या एका आजींचं घर विकत घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्या बायकोला, रुस्मिनीला, तिसरा महिना होता, आणि बाळ आपल्या स्वतःच्या घरात जन्मावं, एवढी एकच गोष्ट तिने माझ्याकडे मागितली होती. आजी वारल्या होत्या. घर अजून त्यांच्याच नावावर असल्यामुळे सातही मुलांच्या सह्या झाल्याशिवाय कागद पुढे सरकणार नव्हता. मी पेकालोंगान शहरातल्या बाटिक कारखान्यात कापड निळीत रंगवतो. शाळा सहावीतच सुटली, चारचौघांत बोलायला जीभ उचलत नाही. म्हणून मी मुकाट्याने खेटे घालत राहिलो. एक भाऊ सही करी आणि दुसऱ्याशी भांडला की येऊन ती खोडून जाई. थोरला तुकिमिन माझ्या पायांजवळ खाकरून थुंके आणि म्हणे, "घाई कसली रे पोरा? आई मेली, घर थोडंच मेलंय!"

नोटरीचा कारकून न्गादिमान टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तळलेले तुकडे चघळत फाइल चाळायचा आणि बोट चाटून पान उलटायचा. वर मलाच विचारायचा, "हात धुऊन आलास ना? कागदाला निळं लागेल." आमच्या कागदांवर त्याची लाळ वाळत राहायची.

नववा महिना लागला आणि एका सोमवारी सातवी सही झाली. मी रुस्मिनीलाही घेऊन गेलो. ती बाहेर बाकावर बसली.

"सात कुठले? आठ," न्गादिमान म्हणाला.

"साहेब, आजींना सातच मुलं."

"मला शिकवतोस? शिक्का दिसतोय ना?"

त्याने वारसांची यादी पुढे ढकलली. सात नावांखाली, तेलाच्या डागातून, त्याच जुन्या टाइपातलं आठवं नाव दिसत होतं. वेनिंग. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, मयत.

जन्माआधी बाळाचं नाव उच्चारू नये, असं आमच्याकडे मानतात, म्हणून आमच्या बाळासाठी ठरवलेलं हे नाव आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त घर पाहायला गेलो होतो तेव्हा मागच्या खोलीत, शेवाळलेल्या भिंतीला हात लावून, रुस्मिनीने ते एकदा हळूच म्हणून पाहिलं होतं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

"मयत वारसाच्या जागी आईबाप सही करतात," न्गादिमान दात कोरत म्हणाला. "तेवढं झालं की किल्ली आजच घेऊन जा."

"कोण आईबाप?"

"आईबापाच्या रकान्यात तुझंच नाव आहे की बाबा. वाचता येत नाही का?"

त्याने पुढे केलेलं पेन ओलं होतं. मी ते घेतलं नाही. घर नको, बयाणा बुडाला तरी नको, असं मनाशी म्हणत मी बाहेर आलो.

रुस्मिनी हसत होती. तिच्या मुठीत किल्ली होती.

"अहो, आताच एक आजीबाई देऊन गेल्या. फक्त एका कागदावर माझी सही घेतली." तिने पोटावरून हात फिरवला. "आणि हे बघा ना, सकाळपासून लाथा मारत होतं, आता कसं अगदी गप्प झोपलंय."