चालती माटोळी

"चवथीपर्यंत तुझ्या तोंडातसून एक शब्द भायर पडलो नाय, तर मी माटोळी गळ्यात घालून अख्खो वाडो फिरतलंय," वत्सलाने पदर खोचून जाहीर केलं. "आणि पडलो, तर तू फिरतलंस. बोल मेल्या, कबूल?"

बाबाजीने 'कबूल' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि नंदीबैलासारखी मान हलवली.

वत्सला उगाच पेटली नव्हती. इब्रामपूर गावातल्या त्या वाड्यावर, त्या छोट्या वस्तीत, बाबाजीचा पसरा, म्हणजे चहा-बिस्किटांचं दुकान. दुकानात मालापेक्षा थापाच जास्त. परवाच त्याने थाप सोडली होती की पंचायतीत कुत्र्यांची आधार कार्डं काढतायत, फोटोसाठी कुत्रा आंघोळ घालून आणायचा. वत्सला टायगरला साबण चोळून, कपाळाला टिळा लावून, सकाळपासून पंचायतीच्या दारात उभी. वर शिपायाशी भांडली, "आधी माझो नंबर!"

आता माटोळी म्हणजे काय, तर चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट. तिला काकड्या, दोडकी, नारळ, सुपारीचे घोस, रानातली कांगलांची फळं, सगळं बांधलेलं. घराघरात असते. माणसाच्या गळ्यात मात्र ती कोणी बघितली नव्हती, आणि वत्सलाला ती बाबाजीच्याच गळ्यात बघायची होती. म्हणून ती पसऱ्यासमोरच्या आपल्या घराच्या सोप्यावर, दारातल्या बाकावर, पहाऱ्याला बसली. भाजी चिरणं तिथे, फोनवर बोलणं तिथे, डुलकीसुद्धा तिथेच.

बाबाजी हातवाऱ्यांवर दुकान चालवू लागला. कोणी साखर मागितली की जीभ बाहेर काढून चाटायचा, मीठ मागितलं की तोंड वाकडं करायचा. बायको सुविधाने तर देवापुढे नारळ ठेवला. "असोच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

पण गप्प माणसाला ऐकू जास्त येतं. हे बाबाजीला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

चवथ तोंडावर आली होती. तिन्हीसांजेला गुरुदास पसऱ्यावर आला, बगलेत आरतीला वाजवायचं घुमट. हा गुरुदास म्हणजे वाड्यातला घुमटाचा राजा. मातीच्या त्या भांड्यावर त्याची थाप पडली की आरती म्हणणारे शब्द विसरायचे. घुमट त्याच्या बापाचं. तो ते कोणाला हातसुद्धा लावू देत नसे.

"ह्या सिद्धेशाक दी," तो म्हणाला. सिद्धेश आरतीच्या पोरांचा म्होरक्या. "तेका उपयोगी पडतला. माका नको आता."

बाबाजीने भुवया उंचावून 'कित्या?' विचारलं.

"असाच." गुरुदास हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असेल. मग पायरी उतरताना म्हणाला, "बरा तर बाबाजी, जातंय."

बाबाजी घुमट घेऊन पायरीपर्यंत आला.

आमच्याकडे 'जातंय' कोणी म्हणत नाही. मागच्या परसात शेवग्याची शेंग काढायला जाणारा माणूसही 'येतंय' म्हणून जातो. लहानपणी चुकून कोणी म्हटलं तर आईचा धपाटा पाठीत पडायचा. तो शब्द फक्त मेलेल्यांसाठी, आणि मेलेले तर काही बोलत नाहीत.

बाबाजीला पांडुरंग आठवला. गेल्या वर्षी त्याने आपला जीव घेतला, तेव्हा सगळा वाडा त्याच्या अंगणात जमला होता. कोणी म्हणे दारू, कोणी म्हणे बायकोचं तोंड, कोणी म्हणे ग्रह. जो तो एक एक कारण घेऊन घरी गेला आणि शांत झोपला. पूर काय एका व्हाळाने येतो? दहा व्हाळ भरतात, तेव्हा साकव बुडतो. पण पाणी चढत असताना पांडुरंगाला कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं कसं? भर तिन्हीसांजेला अभद्र बोललं तर वास्तू 'तथास्तु' म्हणते! आणि त्याच्या मनात नसेल तर आपणच तो विचार घातल्यासारखं व्हायचं.

गुरुदास वळणावर पोचला होता. समोर सोप्यावर वत्सला टायगरच्या पिसवा काढत बसलेली.

वास्तूला काय म्हणायचं ते म्हणू दे, बाबाजीने ठरवलं. मी गप्प ऱ्हवलंय तरी ती काय वेगळा म्हणतली?

"गुरुदास! थांब रे!"

आरोळी अशी की टायगर सोप्याखाली शिरला. वत्सला टाळ्या पिटत उठली, "हरलो! मेलो बाबाजी हरलो! सुविधा, आयकलंस गो?" बाबाजीने मागे वळूनही पाहिलं नाही. घुमट काखेत मारून, एका पायात चप्पल, तो धावत सुटला.

गुरुदासला त्याने साकवावर गाठलं. धाप लागली होती, पण प्रश्न सरळच टाकला.

"गुरुदास, तुझ्या मनात जीव देवचो इचार आसा काय?"

गुरुदासने आधी मागच्या वळणाकडे पाहिलं. मग म्हणाला, "वत्सलावयनीन पाठवल्यान तुका? पैजेची मस्करी ही?"

तिथेच घोडं अडलं. गावभर थापा मारणाऱ्याने खरं बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? बाबाजी साकवाच्या कठड्यावर बसला. "आयक. कुत्र्याच्या आधार कार्डाची शपथ, मस्करी करूक नाय. पैज हरलंय मी तुका विचारूक. आता खरा सांग, आसा काय?"

पाणी वाहत होतं. त्याकडे बघत गुरुदास म्हणाला, "आसा."

'तुका काय कमी आसा' हे बाबाजीच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं. चार दिवसांच्या मौनाचा तेवढा फायदा झाला होता.

मग गुरुदास बोलत सुटला. मुळगावच्या खाणीवर ट्रक होता तेव्हा माणसं नावाने हाक मारायची. खाण थांबली, ट्रक गेला. मग हॉटेलात रखवालदारी, पाठीचं दुखणं, रात्रभर डोळा नाही. बायको मनीषा आजारी आईकडे, मुळगावला. तिला सांगावं तर तिच्या डोक्यावर आणखी भार. "पयली घरात माका वजन होता रे," तो म्हणाला, "आता मी नुसता ओझा."

"बरा केलंस सांगितलंस," बाबाजी म्हणाला. "माझ्याकडे औषध नाय. थापा आसत, त्या आज नकोत. पण तुका एकट्याक घराक सोडूचंय नाय. राग येवदे, गाळी घाल, काय ता कर. सोडूचंय नाय."

"कंटाळशील."

"मी? माका कंटाळून लोक घर बदलतत!"

गुरुदासच्या नाकातून फुस्सकन् हसू आलं, आणि त्या हसण्यातच तो रडायला लागला. बाबाजी नुसता शेजारी बसून राहिला.

त्याच संध्याकाळी बाबाजी त्याला तेजस्विनीकडे घेऊन गेला. ती आरोग्य केंद्रातली नर्स, गावातच राहणारी. तिनेही आडवळण न घेता तोच प्रश्न विचारला. वास्तू काही बोलली नाही. गुरुदासचा होकार घेऊन तिने मनीषाला बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी ती, मनीषा आणि गुरुदास अशी तिघं म्हापशाला मनाच्या डॉक्टरकडे गेली. तेजस्विनीच्या सांगण्यावरून मनीषाने घरातल्या जिवाला धोक्याच्या काही वस्तू उचलून पसऱ्यातल्या कपाटात आणून ठेवल्या. किल्ली बाबाजीच्या जानव्याला.

लगेच सगळं बरं झालं असं नाही. गोळ्यांनी थोडी झोप लागू लागली, एवढंच. सकाळचा चहा बाबाजी त्याच्याकडेच प्यायचा. गुरुदासने दार उघडलं नाही तर खिडकीतून रेडा ओरडल्यासारखं गायचा. दार उघडायचंच.

चवथीच्या संध्याकाळी वाडा लोटला. वत्सलाने स्वतःच्या हाताने माटोळी बांधली होती. पुढे दोन नारळ, मागे भोपळा, कानांवर दोडकी, डोक्यावर केळ्यांचा फणा. बाबाजी मारुतीच्या देवळाकडून निघाला तो डुलत.

"पण मेल्या, इतके दिवस गप्प ऱ्हवलंस, मगे बोबाटलंस कित्याक?" वत्सलाने सगळ्यांसमोर विचारलं.

बाबाजीची नजर एकदाही गर्दीच्या मागे उभ्या गुरुदासकडे गेली नाही. "काय करतलंय वयनी? तुझो टायगर माका म्हणालो, 'बाबाजी, माझ्या कार्डाचो फोटो बरो येवंक नाय.' तेका उत्तर देवक नको?"

हशा उसळला. त्या हशातच मागून घुमटावर थाप पडली. घुम्म. मग पुन्हा. सिद्धेशच्या पोरांनी वाट करून दिली. गुरुदासचा हात अजून जड होता, दोनदा ठेका चुकला. पोरांनी झांजा हळू करून त्याला सांभाळून घेतलं.

आपल्या घराशी आल्यावर तो थांबला. दारात मनीषा उभी होती. "दमलंय. पुरो आज," म्हणाला, आणि पायरी चढू लागला.

चालती माटोळी आडवी आली. भोपळा, नारळ, सगळ्यासकट. "तसोच? काय सांगूचा आसता जाताना?"

गुरुदासने त्याच्या कानावरचं दोडकं सरळ केलं. "येतंय रे माटोळे. सकाळी चाय पिवक ये. आणि गावू नको, दार उघडा ठेवतंय."

"चल, चल!" वत्सलाने मागून भोपळ्याला टिचकी मारली. "अजून अर्धो वाडो उरलो."

आणि बाबाजी कोणी बघितला नसेल इतक्या रुबाबात, केळी सावरत, उरलेला अर्धा वाडा हरायला निघाला.